कपाळाचं कापड

आधी वाटलं, पुटकुळी.
मग वाटलं, चष्म्यानं घासलंय.
दीड वर्ष तिच्यावर पावडर थापून
मी रामबागेतल्या बायकांचे ब्लाउज बेतत राहिले.
बेत चुकला की कापडावर लगेच दिसतं.
चामडीचं तसं नाही,
ती खपली धरते, सोडते, पुन्हा धरते,
गिऱ्हाईक उधारी लांबवतं तशी.

एम. वाय.मध्ये नाव कळलं.
"इससे आदमी मरता नहीं," डॉक्टर छाजेड म्हणाले,
"बस, नाक खा जाता है."
नणंद रडली. मी विचारलं, किती?
म्हणजे किती इंच.

जागीच होते मी.
काढायचं, कड तपासायला पाठवायची, थांबायचं.
एक कड साफ, दुसरी नाही.
पुन्हा थोडं, पुन्हा थोडं,
कसर लागलेला शालू कापत जावा
चांगलं सूत लागेपर्यंत, तसं.
शेवटी डाव्या नाकपुडीवर, चमकीच्या छिद्रासकट,
रुपयाएवढं भोक.
चमकी नणंदेच्या बटव्यात.

मग त्यांनी टाक्याच्या दोऱ्याच्या पुडीतला
चंदेरी कागद घेतला,
भोकावर दाबला, कातरला,
उलटा फिरवून माझ्या कपाळावर ठेवला
आणि जांभळ्या पेनानं भोवती रेघ मारली.
मला हसू आलं. हलू नका, म्हणाले.
पण तीस वर्षं मी दुसरं काय करतेय?
कापड कमी पडलं
की त्याच थानातला तुकडा शोधायचा,
नाहीतर धुतल्यावर रंग वेगळा पडतो.
"दीदी, कपड़ा आपका, सिलाई हमारी."

तीन आठवडे तुकडा तोडला नाही.
भुवईपासून नाकापर्यंत एक पीळ,
नव्या जागी रुजेपर्यंत जुन्या घरचं रक्त पुरवणारा.
नेमके गणपतीचे दिवस.
लोणकरांचा चिनू सुईत दोरा ओवून द्यायला यायचा,
त्यानं विचारलं, काकू, सोंड कधी जाणार?
म्हटलं, चतुर्दशी होऊ दे.
टेंबेबाई माप द्यायला आल्या
आणि सगळा वेळ टेपकडे बघत राहिल्या,
जणू आकडे त्यांनाच वाचायचे होते.

रात्री उताणं झोपून एकच सुचायचं:
सहाव्या रात्री सटवाईनं जे लिहिलं
ते याच पट्टीवर ना?
मग आता ते नाकावर आलंय,
तेही उलटं, वरची ओळ खाली.
आई म्हणायची, कपाळीचं कुणाला वाचता येत नाही.
आता तर डोळ्यांपुढंच आहे.
दोन्ही बुबुळं आत वळवली तर अंधुक दिसतंसुद्धा.
वाचता मात्र येत नाही.
आणि मी तर जन्मभराची
नाकासमोर चालणारी बाई!

आता सात महिने झाले.
शिवण पांढरी पडलीय.
कपाळावर एक उभी रेघ, तिच्या पायथ्याशी टिकली.
नाकाच्या शेंड्यावर बारीक केस उगवतात.
ते कपाळाचे, त्यांना जागा बदलल्याचं
कुणी सांगितलेलं नाही.
दोरे काढायच्या चिमट्यानं उपटते.
माशी नाकावर बसते, मी कपाळ खाजवते.
डॉक्टर म्हणतात, हळूहळू कळेल त्याला
की आपण नाक आहोत.

परवा सीतलामाता बाजारात
पोपटी अस्तर जुळवत होते,
वरच्या कूलरचा थेंब टपकन नाकावर पडला
आणि मला कपाळ गार लागलं, अगदी मधोमध,
लहानपणी ताप आला की
पट्टी ठेवायचं कुणीतरी, तिथं.
मी डोळे मिटून उभी.
"क्या हुआ, बाई?"
कुछ नहीं, म्हटलं.
डेढ़ मीटर देना.