टिटवी

अप्पा नौदलात होते म्हटलं
की सोलापुरात लोक आधी हसतात.
समुद्र चारशे किलोमीटरवर
आणि नळाला पाणी पाचव्या दिवशी.

बोटीचं नाव टिटवी.
टिटवी समुद्रही आटवते, मास्तर म्हणाले होते.
आटवायचा नव्हता. विंचरायचा होता.

बोट सागवानी. पाणसुरुंगाला लोखंडाचा वास येतो,
म्हणून बक्कल पितळी, चमचे लाकडी.
आजीनं धाडलेला शेंगाचटणीचा डबा
पत्र्याचा निघाला.
चटणी टॉवेलात बांधून घेतली,
डबा धक्क्यावरच राहिला.
तो टॉवेल कितीदा धुतला तरी तिखटच.
तोंड पुसलं की डोळ्यांत पाणी,
इतरांना वाटे, बिटलाला घर आठवतंय.
आठवतही होतं.

टिटवीची सेवा: एकोणीस वर्षं.
युद्ध एक, तेही बंदराच्या तोंडाशी.
काम: उजाडायच्या आत जायचं, वळायचं, यायचं,
धोट्यासारखं,
फक्त मागं कापड उरत नाही.
सापडलेले सुरुंग: शून्य.
एकदा दोर ताणला, सगळे फळ्यांवर पालथे,
वर आलं कुणाचं तरी तेलाचं पिंप.
कप्तानानं त्याचीही वेळ लिहून घेतली.

मग एवढी वर्षं केलं काय?
साखर पेठेत मागवाला भूमय्या विचारायचा.
अप्पा बशीतला चहा संपवायचे.
"जहाजं गेली," म्हणायचे. "सगळी."

टिटवी मोडली, तेव्हा रत्नागिरीहून तांडेलांचं कार्ड आलं:
भंगारवाल्यानं नाक मुरडलं, लोखंडच नाही.
लाकूड वजनावर गेलं.
अप्पांनी कार्ड दोनदा वाचलं,
मग मागाचा तुटलेला ताणा सांधायला बसले.
त्या दिवशी गाठी मोठ्या पडल्या.

आता वय एकोणऐंशी.
विडीच्या बायका सुपं घेऊन निघायच्या आत
अप्पा गल्लीत उतरतात.
जुन्या स्पीकरचं लोहचुंबक सुतळीला बांधलेलं,
ते ओढत गटाराच्या कडेनं कोपऱ्यापर्यंत,
वळून दुसऱ्या कडेनं परत.
गणवेश शिवणाऱ्यांच्या सुया, खिळे,
एकदा कुणाच्या तरी पैंजणाचा फासा.

आज काय मिळालं, अप्पा?
"काही नाही," म्हणाले,
आणि कॅलेंडरवर तारखेखाली शून्य काढलं,
गोल, सावकाश.

बाहेर शेजारची भार्गवी
दुधाची पिशवी घेऊन अनवाणी पळत गेली,
खाली न बघता.