तासाला चार चमचे

आम्ही त्याला दूधच म्हणायचो.
पांढरं, पातळ, लेथच्या बेडवरून दिवसभर वाहणारं.
सुट्टीनंतर शटर उचललं की
मेलेल्या उंदराचा वास.
इलियासभाई म्हणायचे,
नासलं. विरजण लावा आता.

तीस वर्षं त्या दुधात त्यांचे हात.
पेरांना भेगा, भेगांत काळं,
वजूचं पाणी पडलं की
डोळे जरा जास्त वेळ मिटलेले.
आम्हाला वाटायचं, श्रद्धा.

जालन्यात एप्रिलमध्ये टँकर आला
की पहिली बादली मशीनला,
दुसरी प्यायला.
हे कुणी ठरवलं नव्हतं.

दैवशाला आली घनसावंगीहून, डिप्लोमा करून.
पिशवीत काकाच्या घाण्यावरची
करडीच्या तेलाची बाटली.
तिनं दुधाचा नळ बंद केला.
एक बारीक नळी, कॉम्प्रेसरची हवा,
तासाला चार चमचे तेल.
पाणी?
पाणी नाही.
कामून गं, येडी झालीस का? टूल जळंल ना.

जळलंच.
पहिल्या दिवशी दोन इन्सर्ट, दुसऱ्या दिवशी एक.
मालकांनी प्रत्येकाची किंमत सांगितली,
मोठ्यानं, दोनदा.
तिसऱ्या दिवशी ती तासभर वाकून होती,
नोझल केसभर खाली, केसभर डावीकडं,
चष्म्याचा नंबर काढणाऱ्यासारखी टूलला विचारत:
आता? आणि आता?

मग शाफ्टवरून साल निघायला लागली
कोरडी, निळसर, कुरकुरीत,
सगळी धग स्वतःच्या पाठीवर घेऊन
ट्रेमध्ये पडणारी.
जॉबला हात लावला, नुसता कोमट.
इलियासभाईंनी मायक्रोमीटर तीनदा फिरवला.
तिन्ही वेळा तेच.
बोलले काहीच नाहीत,
फक्त हवेत नाक वर केलं:
भजी सोडा रे कुणीतरी.

सगळंच बदललं असं नाही.
चौथ्या मशीनवर स्टेनलेसचं काम,
तिथं अजून दूधच वाहतं, नासतंही.
तेलाचं बारीक धुकं पत्र्याखाली तरंगतं,
दैवशाला म्हणते, ओढून घेणारा पंखा पाहिजे.
मालक म्हणतात, बघू.

पण परवा शेडमागच्या नळाशी
इलियासभाई हात धूत होते, कोपरापर्यंत,
आणि पाणी पडताना डोळे उघडेच.
बाजूला टँकरवाला उभा, पावतीपुस्तक धरून,
विचारत होता,
एवढंच?
दुसरा कुणी टँकर लावला का काय?