कुठले पोवार

शिरोलीच्या फौंड्रीत मुलाखतीला
साहेबांनी फाईल न उघडताच विचारलं,
'पोवार? म्हणजे कुठले पोवार?'
'सुभाषनगर,' मी म्हटलं.
पंखा फिरत होता. त्यांनी चहाचा कप
जरासा आपल्याकडं ओढून घेतला.
'कळवतो,' म्हणाले.
कळलं होतंच.

मग बाहेरच्या कंपन्यांकडं अर्ज धाडले.
तिथं कुणाला सुभाषनगर ठाऊक असायचं कारण नाही,
असं आपलं मला वाटत होतं.
निर्मळा शिवराम पोवार, बी.कॉम., टायपिंग, टॅली.
एकेचाळीस अर्ज, उत्तर एक,
तेही मशीननं लिहिलेलं.
मुबारक म्हणाला, 'नाव काप की जरा.
केस कापतीस, नखं कापतीस.'
मुबारक शिकलगार.
राजारामपुरीत नवव्या गल्लीत
रात्रपाळीला बसणारा मार्क.

मी 'मिला' लिहिलं.
तेच गुण, तीच टॅली, तोच मोबाईल नंबर.
तिसऱ्या दिवशी फोन.

आता रात्री साडेआठ ते पहाटे साडेपाच
लीड्समधल्या लोकांची हरवलेली पार्सलं शोधते.
त्यांना वाटतं, मी त्यांच्याच रस्त्यापलीकडं बसलेय.
गारठ्याबद्दल बोलते. बघून बोलते,
स्क्रीनच्या कोपऱ्यात त्यांचं तापमान असतं.
एक म्हातारी म्हणाली, 'मिला, किती सुटसुटीत नाव गं.'
सुटसुटीतच आहे.
त्यात ळ नाही.
ळ म्हणताना जीभ मागं वळते,
टाळूला टेकते, सुटते,
जशी दादांच्या हातातली आरी
चामड्यात शिरून वळते.
ती वळणारी जीभ मी रोज दारात
रजिस्टरशेजारी ठेवून आत जाते.

मुबारकला विचारलं, तुला वाईट नाही वाटत?
'अगं, मला तर मार्कच परवडतो.
रुईकर कॉलनीत खोली बघायला गेलतो.
मार्क सांगितलं असतं तर
मालकानं निदान पाणी तरी विचारलं असतं.'
दोघं हसलो.
मग हेडफोन लावले.

पगार मात्र निर्मळा शिवराम पोवारच्या खात्यात येतो.
बँकेला मिला माहीत नाही.
मार्चमध्ये उत्तम कर्मचारी म्हणून प्रमाणपत्र मिळालं, मिला पी.
दादांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं,
उलटं करून मागंही बघितलं.
'चांगलंय,' म्हणाले. 'कुणाचंय?'

दादा चपला करतात. कापशी, कुरुंदवाडी,
ज्या गावची त्या गावच्या नावानं.
कोल्हापुरी म्हणायला तिकडचे लोकही
अडखळतात, पुन्हा म्हणतात, शिकून घेतात.
चपलेला कुणी सांगितलं नाही, नाव आखूड कर.
करणाऱ्याचं नाव तिच्यावर कधी नव्हतंच,
ते वेगळं.

परवा म्हटलं, 'दादा, माझ्या जोडात विंचू घाला.'
दोन तळांच्या मध्ये ते बी ठेवलं
की पावलागणिक चप्पल करकरते,
माणूस दिसायच्या आधी गल्लीला कळतं
कोण आलंय.
'पोरीच्या जोडात?' म्हणाले.
पण घातला.

ऑफिसात गालिचा आहे. तिथं काही वाजत नाही.
टीम लीडरला वाटतं, मी नेहमीसारखीच आले.
पण पहाटे जिना उतरताना
एकेका पायरीवर करकर, करकर,
आणि वॉचमन आवटेमामा डोळे न उघडता
रजिस्टर माझ्याकडं सरकवतात,
'निर्मळे, सही.'

मी सही करते. मराठीत.
ळ जरा मोठाच येतो.