सायकल कुठे ठेवली होती

पहाटे पाचला फाटक उघडलं.
साखळीला कुलूप नव्हतं, नुसती गाठ,
आणि पाटीवर खडूने: शिकारीचा हंगाम आहे,
मर्डोला विचारून जा.
मर्डो झोपलेला. त्याचा कुत्रा जागा.
कुत्र्याला विचारून आम्ही गेलो.

सतरा किलोमीटर खडी.
ग्रिझेल पुढे, तिच्या मागच्या दिव्याचा लाल ठिपका
खड्ड्यागणिक उडणारा.
मी मागे, दात आवळून.
रस्ता तळ्याकाठाने जातो म्हणतात. तळं दिसत नव्हतं,
ऐकू येत होतं फक्त,
अंधारात कुणी ताटं विसळत बसावं तसं.

ग्रिझेल बोलत नाही.
आठवडाभर भूगोल शिकवून
तिचा आवाज शनिवारी सुट्टीवर असतो.

उजाडलं, तरी डोंगर नाही.
दुरून साजरे म्हणे!
हा दुरून दिसतच नाही,
अलीकडच्या दोन टेकड्या त्याला
पदराआड धरून बसलेल्या.

पडक्या मेंढवाड्यापाशी
रस्ता ओढ्यात उतरला आणि वर आलाच नाही.
तिथे सायकली हेदरच्या झुडपांत आडव्या केल्या.
तिची निळी.
माझी मातकट. माझी म्हणजे लॉकलनची, मेव्हण्याची.
"इथून कोण नेणार?" मी म्हणालो.

मग चालणं,
म्हणजे दलदलीतून एक पाय उपटून
दुसरा पेरणं.
नकाशावर केसाएवढा ओढा,
समोर कमरेएवढा.
बूट गळ्यात. ग्रिझेल पार. मी मध्येच एका दगडावर,
ज्याचं माझ्याबद्दल काहीच मत नव्हतं.

शिखर?
शिखरावर ढग होता, दगडांचा ढीग होता,
आणि एक हातमोजा, डावा, कुणाचातरी.
सात मिनिटं थांबलो. चीज खाल्लं.
ग्रिझेल म्हणाली, "झालं."

खरा डोंगर संध्याकाळी सुरू झाला,
सपाट जमिनीवर.
मेंढवाडा होता. निळी सायकल होती.
माझी नव्हती.

मातकट झुडपांत मातकट सायकल.
आम्ही रांग धरून शोधलं,
हरवलेलं कानातलं शोधतात तसं, वाकून, पायांनी चाचपत.
प्रत्येक वाळकी फांदी हँडल,
प्रत्येक डबकं चाक.
दरीत नर हरणं हंबरायला लागली,
गंजलेलं दार कुणी ढकलत राहावं तशी.

लॉकलनने दिली तेव्हा म्हणाला होता,
"परत नाही आणलीस तरी चालेल."
गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला होता, हसत.
त्या हसण्यामुळेच
मला ती परत न्यायची होती.

अंधार पडता पडता इंजिनाचा आवाज. मर्डो,
मागे ट्रेलर, ट्रेलरवर मेलेलं हरीण,
हरणाशेजारी कुत्रा.
"भिंतीपलीकडे ठेवलीय," तो म्हणाला.
"नर माजावर आलेत. मागच्या साली एकाने
चाक शिंगांत अडकवून नेलं पार पलीकडच्या दरीत.
निळीचं काही नाही, ती दिसते त्यांना.
विचारून गेला असतात, तर सांगितलं असतं."

आम्ही कुत्र्याकडे पाहिलं.
त्याने हरणाकडे पाहिलं.

सतरा किलोमीटर परत.
आता तळं दिसत होतं, थोडंसं,
आकाशापेक्षा किंचित उजळ.
ग्रिझेल गुणगुणत होती. तिला ते ठाऊक नसावं,
म्हणून मी मागेच राहिलो.

रविवारी सायकल धुऊन लॉकलनच्या दारात उभी केली.
ढग, हातमोजा, ओढा,
सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो.
तो पायरीवर बसला, पाय लांब करून,
चाक हाताने फिरवलं,
आरीतून हेदरची एक काडी ओढून काढली,
खिशात टाकली.

"मागचा ब्रेक धरतो का अजून?"

"धरतो," मी म्हणालो.
"उतारावर जरा किंचाळतो."