लिटरमागे

हातोदच्या मळ्यात, ट्यूबवेलच्या खोलीमागे
दिवाकरकाकांनी तांब्याची भट्टी लावली
आणि पेटवायच्या आधी वही उघडली.
वीज मंडळातून निवृत्त माणूस,
मीटरशिवाय त्यांना भूकही कळत नसे.

मका शंभर किलो, घरचाच.
‘घरचा म्हणजे फुकट नव्हे,’ म्हणत
त्यांनी स्वतःलाच मंडीचा भाव लावला,
स्वतःकडून पावती घेतली.
भेरूलाल हसला.
काकांनी त्याची मजुरी खर्चात लिहिली,
तसा हसायचा थांबला.

तीन दिवस पिंपं कुजबुजत होती.
बांधावरून जाणारे आंबूस वासाला
जरा रेंगाळून रामराम घालत.
चौथ्या दिवशी बाभूळ पेटली
आणि नळीच्या टोकाशी
एक थेंब बराच वेळ विचार करत राहिला.

शंभर किलोंतून तीस लिटर.
लिटरमागे मका सत्तर रुपये,
बाभूळ एकोणीस,
सियागंजातून आणलेलं विकर नऊ,
मजुरी बारा.
पंपावरचं पेट्रोल याहून स्वस्त,
आणि या लिटरवर स्कूटर
गांधीनगरच्या अलीकडेच दमायची.
गाळ? काकांनी लिहिलं: फेकला. शून्य.

मग आबकारीची जीप आली.
निरीक्षकाने बोट बुडवलं, हुंगलं,
परवाना मागितला.
काकांनी वही पुढे केली.
तो पानं उलटत राहिला, दोनदा बेरीज केली,
म्हणाला, ‘एवढ्या तोट्याची दारू
कोणी गाळत नाही, ते मला पटलं.’
तरी लाख वितळवली.
पटणं वेगळं, परवाना वेगळा.

आठवड्याने काकू ओसरीवर येऊन विचारतात,
भट्टी पुन्हा कधी?
काका चष्म्यावरून बघतात.
चंद्रीचं दूध दीड लिटरने उतरलंय, काकू सांगतात,
आणि पदराआडून
कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांची
दोऱ्याने शिवलेली वही काढतात.
गाळ तिलाच जात होता, घमेलं घमेलं.
सरकी त्या महिन्यात आणलीच नव्हती.

रात्री उशिरापर्यंत कंदिलाशी दोन वह्या.
काकांनी शून्यावर रेघ मारली,
वर काकूंचा आकडा लिहिला.
तोटा गेला नाही,
पण आता तो बोटांवर मोजता येत होता.
मग त्यांनी खालच्या ओळीत
काकूंची मजुरी लिहायला घेतली,
भाव काय लावायचा
ते सुचेना,
पेनचं टोपण दातांत धरून बसले.

बाहेर चंद्री
लाखेच्या मोहरेला
जिभेने चाटून बघत होती.