पंचाहत्तर ओहम

वार्डोच्या बेटावर सूर्य दिसून
आज एकोणतीस दिवस झाले.
दुकानं उघडतात, बोटी सुटतात, शाळेची घंटा होते,
सगळं घड्याळाच्या शब्दावर.
आणि घड्याळ येतं
टेलिफोन केंद्राच्या तळघरात,
माझ्या करंगळीहून बारीक केबलमधून,
सेकंदाला वीस लाख अठ्ठेचाळीस हजार ठोके.

तक्रार आस्लाउगबाईंची.
किर्केनेसच्या बहिणीशी बोलताना
मधेच टक्.
दर सत्तावीस सेकंदांनी, म्हणाल्या, मोजलंय मी.
चाळीस वर्षं कॉड मोजून पेट्या भरलेली बाई,
मोजण्यात चुकायची नाही.

तळघरात तीन कपाटं,
एकाच केबलवर एकामागे एक ओवलेली.
टोरलायफनं टॉर्च धरली. मी कनेक्टर बसवून पाहिले,
पाव वळसा, बोटांना कळेल एवढीच खटक.
"मधल्यांनी नुसतं ऐकायचं," तो म्हणाला,
"ऐकायचं आणि पुढे जाऊ द्यायचं.
शेवटच्यानं पोटात घालायचं."

शेवटच्याचं पोट म्हणजे
नखाएवढी पितळी टोपी, आत पंचाहत्तर ओहम.
ती नसली तर ठोका टोकावर आपटतो,
आल्या वाटेनं माघारी फिरतो,
मागून येणाऱ्याच्या अंगावर जातो,
आणि मग कुणालाच सांगता येत नाही
आत्ताचा कोणता, मघाचा कोणता.

टोपी जागेवर होती.
घोटाळा मधल्या कपाटाच्या पाठीशी,
जिथं हात तिरपा करूनच पोचतो:
एक पांढरा स्विच, वर राहिलेला.
कधीच्या तरी दुरुस्तीत कुणीतरी विसरलेला.
"बहुधा मी," टोरलायफ म्हणाला.
मग थोड्या वेळानं,
"बहुधा नाही. मीच."

मधलाही गिळत होता, शेवटचाही.
टोकाशी पोचला तो खंगलेला ठोका
शेवटच्या कपाटानं ओळखलाच नाही,
आणि ते आपल्या मनानं चालू लागलं.
फरक तरी केवढा, दहा लाखांत चार-पाच.
तेवढ्यानं दोन बहिणींच्या मधला
एखादा शब्द सांडतो.

टोरलायफचं मनगटी घड्याळ
कायम चार मिनिटं पुढे असतं, बस चुकू नये म्हणून.
त्याच हातानं त्यानं स्विच खाली केला.
पिवळा दिवा जरा विचारात पडला.
मग हिरवा.

मी आस्लाउगबाईंना सांगितलं,
बहिणीला लावा, मी लाइनवर आहे,
कुणी बोलू नका, नुसतं ऐका.
तिघी गप्प.
त्यांच्या स्वयंपाकघरात किटली,
किर्केनेसला कुत्र्याची नखं फरशीवर,
इथं पंख्याची घरघर.
पंचवीस. सव्वीस.
सत्तावीस.

"राव्ना, आहेस ना गं?"
आहे, म्हटलं.
पलीकडून बोर्गहिल्डबाई वैतागल्या,
फोन करून गप्प बसायचं ही काय तऱ्हा,
मेल्या की काय दोघी?

"गप," आस्लाउगबाई म्हणाल्या,
"एकतीस झालेत, मोजू दे."