फ्रिजमधला हिवाळा

शुक्रवार पेठेत, आमच्या आणि आडनाईकांच्या भिंतीमध्ये
दीड हाताचा बोळ आहे.
ऊन तिथं येतं ते घाईतल्या पाहुण्यासारखं,
टेकतं न टेकतं तोच 'निघतो' म्हणतं.
कमरेच्या उंचीला महापुराची रेघ,
तिच्याखाली चुना कधी धरलाच नाही.
शालन म्हणाली होती,
इथं शेवाळ सोडून काय यायचंय?

भाचा अमृत दार्जिलिंगहून सुट्टीवर आला
तो पलटणीच्या मोज्यात ओला गड्डा गुंडाळून.
होस्टा म्हणत्यात ह्याला, मामा. सावलीतच वाढतंय.
फुलासाठी न्हाई, पानासाठी लावायचं.

पानासाठी.
हे मला पटलं.

एकतीस वर्षं उद्यमनगरात मोल्डिंगला होतो.
वाळू मुठीत दाबायची, मूठ उघडायची,
गोळा मधोमध मोडायचा.
कड सुरीसारखी राहिली तर ओल बरोबर,
भुगा झाला तर कोरडी,
बोटांना चिकटली तर ओतताना लोखंड उसळणार.
आता तीच मूठ पालापाचोळ्याच्या मातीवर चालवतो.
तळहातावरचा भाजल्याचा डाग तेवढा जुना.

पहिल्या साली सात पानं आली.
निळसर, शिरा ठळक,
साच्यातून नुकत्या काढल्यासारख्या.
त्यातल्या पाचांची गोगलगायींनी चाळण केली.
गोगलगाय अन् पोटात पाय, एवढंच ऐकलं होतं,
दातांचं कुणी बोललं नव्हतं.
रात्री बॅटरी घेऊन बोळात उकिडवा बसायचो,
वरनं आडनाईक विचारायचे,
काय हरवलंय काय हो?

दिवाळीनंतर पानं पिवळी पडून जमिनीला टेकली
आणि अमृतचा फोन आला,
मामा, ह्याला थंडी लागती. खरी थंडी.
दोन-अडीच महिने.
आता कोल्हापुरात थंडी म्हणजे
सकाळी रंकाळ्यावर मफलर
आणि दहा वाजता उसाचा रस.

मग गड्डा धुतला,
दमट भुशात घालून डब्यात भरला,
फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवला
मेथीच्या जुडीशेजारी.
शालननं एकदा आलं समजून सोलायला घेतला.
सुरीची खूण अजून आहे त्याच्या कुशीत.
त्या रात्री आम्ही बोललो नाही.
सकाळी डब्यावर चिठ्ठी दिसली, तिच्या अक्षरात,
'झोपलंय. हात लावू नये.'

शिमग्याला बाहेर काढला.
बोळाच्या त्या टोकाला, नळाच्या गळतीखाली,
तिचं अळू कुणी न विचारता कानाएवढं,
मग सुपाएवढं झालं,
दोनदा वड्याही झाल्या.
ह्या टोकाला माती, आणि माती.

आज सांजेला मूठ दाबून बघितली.
कड बरोबर राहिली.
मधे काहीतरी टोकदार वर आलंय,
कोंब आहे की खडा,
ह्या उजेडात कळत नाही.
मागनं चपलांचा आवाज.
सरका जरा, म्हणते शालन,
आणि बॅटरी लावते.